धाब्यावरचं गवत

मी मूळचा कोकणातला. आमच्याकडे कौलांत चुकून एखादं रोपटं दिसलं तरी आजोबा तातडीने शिडी मागवायचे. त्यामुळे पुण्यात नकाशे काढायच्या नोकरीत आमच्या साहेबांनी ‘छपरावर बाग’ हा विषय काढला, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. थंड देशांत म्हणे लोक छपरावर मुद्दाम माती पसरून गवत लावतात. साहेबांच्या सांगण्याप्रमाणे अशा छपरांचे तीन प्रकार. पहिल्यात वीतभर माती आणि नुसतं गवत. दुसऱ्यात कमरेएवढी माती, त्यात झुडपं, फुलझाडं, बसायला बाक. त्याला खालची इमारतही तशीच दणकट लागते. तिसरा प्रकार गरिबाचा. माती खाली अंगणात राहते, वेल तेवढा वर चढतो. यांतली दोन प्रकारची छपरं मी खानदेशात पाहून आलो. ज्यांनी ती पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी लिहितो आहे. मात्र हे वाचून कुणी हौसेने घरावर गवत लावील, अशी आशा मला नाही.

जायला कारणं दोन होती. जळगावच्या एका व्यापाऱ्याला नव्या बंगल्याच्या स्लॅबवर हिरवळ हवी होती आणि ती स्लॅब पाहून यायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. दुसरं कारण घरचं. माझी बायको इंदू धुळे जिल्ह्यातली, सोनगीरच्या अलीकडच्या एका लहानशा गावची. तिची आई जाऊन तीन पावसाळे झाले होते. भाऊ अरुण वरणगावच्या कारखान्यात, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहणारा. गावच्या घरात आबा, म्हणजे माझे सासरे, एकटे. त्यांच्या गावचा एक माणूस पुण्यात भेटला आणि सांगून गेला की आबांनी तीन वर्षं धाब्याला, घरावरच्या मातीच्या छपराला, हात लावलेला नाही, यंदा घर काही टिकत नाही. इंदूने त्या दिवसापासून धोशा लावला. एक तर धाबं वाचवायचं, नाहीतर आबांना तिथून हलवायचं. अरुण दोन्ही करून पाहून थकला होता. आबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते, आणि जागचे हलतही नव्हते.

जळगाव

मी आणि इंदू आधी जळगावला उतरलो. श्रावण सरत आला होता, तरी तिथे ऊन मी म्हणत होतं. पाऊस चार दिवस दडी मारून बसलेला. मोतीलालशेठचा बंगला नवा कोरा, वर सपाट स्लॅब. शेठ स्वभावाने उमदे. त्यांचं दुखणं एवढंच, की वरच्या मजल्यावर त्यांच्या आईची, माजींची खोली होती आणि उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापे. आईला गारवा मिळावा म्हणून त्यांनी कुठल्याशा मासिकात पाहून हिरवळीचं मनावर घेतलं होतं. मी येईपर्यंतही त्यांना धीर निघाला नाही. गच्चीच्या एका कोपऱ्यात वीतभर माती टाकून, दूर्वा लावून, नमुना तयार होता. गवत छान धरलं होतं.

मी कोबा तपासला, पाणी कुठल्या पन्हळीकडे जातं ते पाहिलं, ओल्या मातीचं ओझं मनात मांडलं. स्लॅब झेपवू शकत होती. दुपारी जेवायला गट्ट्यांची भाजी, मुगोड्या, कढी आणि तीन तऱ्हेचे पापड. पानात हिरवं म्हणून काही नाही. आमच्याकडे श्रावण म्हणजे टाकळा, भारंगी, अळू यांचा नुसता दंगा. इथे, जैनांच्या घरी, चातुर्मासात हिरवी भाजी वर्ज्य. मी गमतीने म्हणालो की पानात नाही म्हणून तुम्ही हिरवं छपरावर चढवलंत. शेठ मनापासून हसले. माजी वाढत होत्या, त्या हसल्या नाहीत.

जेवणानंतर मी पुन्हा वर गेलो, तर जिन्याच्या दारात उंबऱ्याच्या आत माजी माळ घेऊन बसलेल्या. मी म्हटलं, बाहेर या, सावली आली आहे. त्यांनी हाताने नको म्हटलं. मग मुलाला सांगू नका अशा सुरात म्हणाल्या, “चौमासात आम्ही हरीवर, हिरव्या गवतावर, पाय देत नाही, भाऊ. त्यात जीव असतो. माती इकडे तिकडे सांडते, कुठे काय उगवलंय दिसत नाही. म्हणून मी आतच बसते.”

त्या रोज सकाळी याच गच्चीवर फेऱ्या घालत माळ ओढत. पापडही इथेच वाळत. आता कोपऱ्यात गवत आलं तशी त्यांची पावलं दारातच थांबली होती. सगळी गच्ची हिरवी झाली की पावसाळ्याचे चार महिने त्यांना वर येणं नाही. मला हे ऐकून कसंसंच झालं. मी शेठकडे विषय काढला, तर ते म्हणाले, माजीला खाली गारवा मिळाल्याशी कारण, वर जायची गरजच काय. आणि माजी मुलाला काही सांगणार नव्हत्या, कारण तो हे सगळं त्यांच्यासाठीच करत होता. काही दिवसांनी परत येऊन उतार मोजतो असं सांगून आम्ही धुळ्याची एस्टी धरली.

फाट्यावरून खाली

एरंडोल, पारोळा करत धुळे आणि तिथून आग्रा रोडने सोनगीरकडे. धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलताना शेवभाजी खाल्ली. ती इतकी जहाल होती, की पुढचा तासभर माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि इंदू कित्येक दिवसांनी हसत होती. तिचं ते हसणं मी लक्षात ठेवलं आहे. त्या प्रवासात ती नंतर हसली नाही.

फाट्यावर उतरलो तेव्हा पलीकडे सोनगीरचा किल्ला दिसत होता. फाट्यावरून वाट टेकाडाच्या कडेने खाली उतरते आणि वळणावर सगळं गाव एकदम पायाखाली येतं. मी जागच्या जागी थांबलो. धाबी म्हणजे मातीची सपाट छपरं. भिंतीवर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या, मग निंबाचा पाला आणि वर हातभर माती. बहुतेक धाबी पांढरट, स्वच्छ, चोपून काढलेली. पण मधूनमधून काही धाबी अशी हिरवीगार, की शेताचा तुकडा उचलून घरावर ठेवावा. साहेबांनी सांगितलेला पहिला प्रकार इथे कुणीही न शिकवता उभा होता. मी हुरळून गेलो. वही काढली आणि इंदूला म्हणालो, “बघ, काय सुंदर दिसतंय.”

ती वहीकडे पाहत नव्हती. “ती हिरवी आहेत ना, ती घरं बंद आहेत,” ती म्हणाली. “माणूस असलं की दर उन्हाळ्यात खारी पडते. खारी पडली की गवत येत नाही.”

खारी म्हणजे पांढरी खारट माती. इकडे आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण झाला की पाऊस पडायच्या आत प्रत्येक धाब्यावर तिचा थर द्यायचा. ती पाणी आत जाऊ देत नाही आणि तिच्यात काही रुजत नाही. गवताची मुळं मातीत शिरली की भेगा पडतात, भेगांतून पाणी आणि पाण्याने तुळई कुजते. आम्ही कोकणात पावसाआधी कौलं परततो, तशीच ही इकडची वार्षिक हजेरी. इंदू एकेक हिरवं धाबं बोटाने दाखवत गेली. हे सुरतला गेले. हा एकटाच होता, वारला. यांच्या दोन्ही सुना भुसावळला. मी वही मिटून पिशवीत टाकली.

सगळ्यात हिरवं धाबं गावाच्या टोकाला होतं. त्यावर गुडघाभर गवत होतं आणि गवतावरून मोठमोठ्या पानांचा, पिवळ्या फुलांचा एक वेल या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला होता. इंदू तिथे बोट दाखवायची थांबली. ते आबांचं घर होतं.

आबांचं घर

आबा ओट्यावर बसले होते. उंच, वाळकी अंगकाठी, डोक्याला पांढरं उपरणं. लेकीला पाहून उठले आणि मला म्हणाले, “या जवाईबापू, बठा.” एवढ्यावर त्यांचं बोलणं संपलं. आत गेलो तर मधल्या खोलीत ठिकठिकाणी पातेली, तांबे, घमेली मांडलेली. पाऊस चार दिवस नव्हता, तरी वरून थेंब पडतच होते, कारण वरची माती पाणी धरून बसली होती. मधली तुळई पोटात वाकली होती. मी बोटाने दाबली, तर बोट आत गेलं. नकाशात अशा ठिकाणी मी लाल पेन्सिलीने फुली मारतो.

जेवायला आबांनी स्वतः भाकरी थापली आणि गिलक्याची भाजी केली. गिलकं म्हणजे आमचं घोसाळं. त्यावरून लग्नानंतर पहिलं वर्षभर आमचे वाद झाले होते. भाजी कोवळी आणि अतिशय गोड होती. मी वाखाणली, तर आबा पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले. वर धाब्यावर वेल आहे, त्याचीच ही गिलकी. दुपारी लेकीने विषय काढला. उघडीप आहे तोवर खारी टाकू, मी आणि हे दोघं राबतो, नाहीतर चला पुण्याला. आबांनी विडी काढली, पण पेटवली नाही, नुसती बोटांत फिरवली.

“ती येल तुनी मायनी लायेल शे, इंदू,” ते म्हणाले. “खारी टाकी की जळी जाई. मंग आठे मनं कोन शे?”

वेल जळला तर इथे माझं कोण, असं ते विचारत होते. आईने शेवटच्या वर्षी भिंतीशी गिलक्याचा वेल लावला आणि तो धाब्यावर चढवला. ती गेली. दुखवट्याच्या त्या उन्हाळ्यात खारी टाकायची राहून गेली. वेल वाळला, पण वरच्या वर फळं फुटून बी मातीत पडलं आणि पुढच्या पावसात ते धाब्यावरच उगवलं. आबांनी त्यानंतरच्या उन्हाळ्यात खारीची पाटी भरली, शिडीवर अर्ध्यापर्यंत नेली आणि परत खाली आणली. नंतर त्यांनी पाटी उचललीच नाही. अख्खं गाव त्यांना समजावून दमलं, अरुण भांडून गेला, पण खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. इंदू पदराने डोळे पुसत मागच्या दारी निघून गेली. मला त्या माणसाचा रागही येईना आणि त्याला शहाणपण शिकवायचं धैर्यही होईना.

पोळा

दुसऱ्या दिवशी पोळा होता. सकाळी आभाळ निरभ्र. मी शिडी लावून वर गेलो, तुळयांच्या रेषा धरून फिरलो आणि मला एक तोड सुचली. तिन्ही बाजूंचं गवत काढून तिथे खारी टाकायची, वाकलेल्या तुळईखाली टेकू द्यायचा आणि वेलाचं मूळ होतं त्या कोपऱ्यात हातभर रुंदीचं मातीचं आळं तसंच सोडायचं. वेलाचा पसारा खारीवर नुसता टेकेल, मुळाला ती लागणार नाही. साहेबांच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांची मी खिचडी केली होती, पण ती टिकली असती. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, वेलाचा कोपरा माझ्याकडून दोनदा दाखवून घेतला आणि म्हणाले, “व्हयी.” इंदूने माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्या क्षणी कुठल्याही बक्षिसाची गरज नव्हती.

आम्ही शेजारच्या झिपरूनानांकडे गाडी मागायला गेलो. खारीची खाण नाल्यापलीकडे आणि त्यांची बैलजोडी गावात सगळ्यांत जबर. नाना बैलांची शिंगं रंगवत बसले होते. आमचं म्हणणं ऐकून त्यांना आनंदच झाला. पण ब्रश खाली न ठेवता म्हणाले, “आज पोळा शे. आज बैलना खांदावर जू नही. उद्या दिन निंघताज गाडी जुपस.”

मी घायकुतीला आलो. आज उघडीप आहे, उद्याचं कुणी सांगावं, असं त्यांना विनवलं. नानांनी आबांकडे पाहिलं. आबा माझ्याकडे वळून समजुतीने म्हणाले की वर्षभर जो राबतो त्याला आजचा एक दिवस जू दाखवायचं नसतं, घर पडलं तरी नाही. ज्याचं घर पडायला आलं होतं तोच हे सांगत होता. सबंध गावात त्या दिवशी गाडी मिळणार नव्हती आणि ती मागणंही पाप होतं. आमच्या कोकणात कुणी आजारी पडलं तर सणाला गाडी जुंपतील, मला वाटतं. पण मी परक्या मुलखात जावई म्हणून उभा होतो, हुज्जत कुणाशी घालणार?

मी आणि इंदूने डोक्यावरून पाट्या आणायला सुरुवात केली. माझी मान दोन खेपांत आखडली आणि नाल्यात पाय घसरून एक पाटी पाण्यात गेली. एवढं करून दाराशी जो ढीग पडला, त्यात धाब्याचा एक कोपराही झाकला नसता. आबांनी आम्हाला हाताला धरून बसवलं. सणाच्या दिवशी लेकीजावयाने माती वाहायची नाही. झिपरूनानांच्या घरून खापरावरच्या पुरणपोळ्या आल्या होत्या, एकेक पोळी परातीएवढी. आम्ही त्या दुधात कुस्करून खाल्ल्या. आभाळ अजून मोकळंच होतं, आणि उद्या सकाळपर्यंत ते तसं राहील असं मी स्वतःला बजावत होतो.

दुपार कलली तसे सगळे बैल मारुतीच्या देवळापाशी जमले. झुली, बाशिंगं, गळ्यांत घुंगुरमाळा. आबाही आले, झिपरूनानांच्या बैलांच्या कपाळाला त्यांनी हात लावला. तेवढ्यात सोनगीरच्या बाजूने काळं भरून आलं आणि पाऊस असा कोसळला, की बैल कुणाचे आणि कुठे पळाले ते दिसेना. आम्ही देवळाच्या आडोशाला उभे राहिलो. इंदूने माझा दंड घट्ट धरला होता आणि आबा पावसाकडे पाहत होते.

घर पडताना मोठा आवाज होत असेल अशी माझी समजूत होती. तसा झाला नाही. भिजलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा एक जड, बसका आवाज गावाच्या टोकाकडून आला. आबा पावसात चालू लागले.

मधली खोली गेली होती. तुळई मोडून दोन तुकडे झाले होते आणि वरची सगळी माती गवतासकट आत उतरली होती. वेल त्या चिखलात उलटा पडला होता, पानं ताजी, फुलं तशीच, फक्त मुळाशी तुटलेला. स्वयंपाकाची खोली तेवढी उभी होती. इंदू चिखलात गुडघे टेकून वेल चाचपत होती. तिला बी हवं होतं. पण मिळेल ते गिलकं कोवळंच होतं. फळ जून होऊन बी धरायला अजून दोन महिने जावे लागले असते. आणि साठवणीचं बी आबांनी कधी ठेवलंच नव्हतं, ते धाबंच दर वर्षी ठेवत होतं. तिने हात थांबवले आणि आईसाठी रडली नव्हती तितकी ती त्या चिखलात बसून रडली.

झिपरूनानांच्या चुलीवर तिने त्याच कोवळ्या गिलक्यांची भाजी केली. आबांनी खाल्ली, आणखी मागून घेतली.

घर पडल्याचं नानांना ठाऊक होतं, तरी बोलल्याप्रमाणे त्यांनी उजाडताच गाडी जुंपली आणि ती खारीने काठोकाठ भरून आणली. नानांनी गाडीवरून उतरून समोरचं उजेडात पाहिलं. टाकू कुठे, एवढंच त्यांनी विचारलं. आबांनी ओंजळभर खारी उचलून पाहिली, चांगली आहे असं म्हणाले आणि परत गाडीत टाकली.

“तुना धाबावर टाक,” ते म्हणाले.

पुन्हा जळगाव

आबा आता वरणगावला अरुणकडे असतात. आम्ही गावाहून निघालो त्या दिवशी अरुण त्यांना न्यायला जळगावला येणार होता, पण त्याची पाळी संध्याकाळी सुटणार होती. मला शेठच्या गच्चीचा उतार मोजायचा होताच. आबांना एकटं कुठे बसवणार, म्हणून त्यांना बरोबर नेलं. इंदू खाली शेठाणींपाशी थांबली. आबांजवळ एक गाठोडं होतं, ते त्यांनी जिन्यातही खाली ठेवलं नाही.

शेठ उत्साहात होते. मधल्या पावसाने नमुन्याचं गवत दाट झालं होतं आणि त्यांनी मातीच्या आणखी गाड्या सांगितल्या होत्या. मी दोरी धरून उतार मोजू लागलो. स्लॅब मजबूत होती, कोबा पक्का होता, पाणी बरोबर पन्हळीकडे जात होतं. हे छप्पर पडणार नव्हतं. मला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. शेठ आबांना अभिमानाने गवताजवळ घेऊन गेले. आबांनी वहाणा काढल्या, उकिडवे बसले, गवतात बोटं घालून खालची माती चाचपली. मग उभे राहून त्यांनी गच्चीच्या चारी बाजू पाहिल्या, कठडा पाहिला, आणि माझ्याकडे येऊन शेठला ऐकू जाणार नाही अशा बेताने, कुणाच्या दुखवट्याला आल्यासारखं विचारलं, “जवाईबापू, या घरमा कोनी ऱ्हात नही का?”

मी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. उंबऱ्याच्या आत माजी बसल्या होत्या. त्यांच्या बोटांतली माळ थांबली होती.

“राहतात,” मी म्हणालो.

आबांनी एकदा त्या गवताकडे पाहिलं आणि गाठोडं काखेत सावरून जिना उतरायला लागले. त्यांना ते खरं वाटलं नव्हतं.